शेवया फुगतील म्हणून

१

चाखौ गावात ताओ गनरोंगच्या दुकानी गरम पाण्याबरोबर थापा फुकट मिळत. दुकान उकळत्या पाण्याचंच होतं. मातीची बैलाएवढी भट्टी, तिच्यात बसवलेल्या चार कढया आणि पहाटेपासून चाललेली खळखळ. गल्लीतल्या बायका थर्मास भरून न्यायच्या. म्हातारे चिमूटभर चहा कागदात बांधून आणायचे आणि जेवणाची हाक आल्याशिवाय उठायचे नाहीत. गनरोंग पळीनं पाणी ओतता ओतता सांगायचा, की गेल्या हिवाळ्यात कालव्यातला एक मासा रोज चहा प्यायला यायचा, आणि चहा पातळ झाला की शेपटी आपटून तक्रार करायचा. लोक हसायचे आणि आणखी एक पळी घ्यायचे. सत्तेचाळीस वर्षांचा हा सडाफटिंग माणूस. जगात त्याचं म्हणावं असं एकच होतं, धाकटी बहीण सूफन.

सूफनला चाळिशीला टेकताना मुलगी झाली. त्याआधी दोनदा तिचं पोट रिकामं झालं होतं, आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी 'आता पुरे' म्हणून सांगितलं होतं. म्हणून पोरीचं नाव ठेवलं आमाओ, म्हणजे मनीमाऊ. असलं हलकं नाव असलं की कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

आता इथं गावाचा नकाशा थोडा सांगायला हवा, कारण सगळं त्यातच अडकलंय. राजांच्या काळात खणलेल्या मोठ्या कालव्याला चाखौत फाटा फुटतो. त्यामुळे गावाचे झालेत तीन तुकडे, आणि ते तीन दगडी पायपुलांनी एकमेकांना शिवलेत. घरातून निघालं की शांतीपूल, मग बाजार. बाजारातून बरकतीचा पूल, मग देऊळ. देवळापासून आयुष्यपूल, की पुन्हा आपलं घर. बाळ महिन्याचं झालं की त्याचं जावळ काढायचं आणि मामानं छत्री धरून त्याला या तिन्ही पुलांवरून फिरवून आणायचं. छत्री मिटायची नाही, मागं बघायचं नाही आणि ज्या पुलावरून गेलो त्यावरून माघारी यायचं नाही. जन्माबरोबर आलेली सगळी इडापिडा पलीकडं राहते म्हणतात. का राहते ते कुणी विचारत नाही.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. न्हाव्यानं आमाओचं डोकं गुळगुळीत केलं. सूफनच्या सासूनं, लू मावशीनं, ते जावळ लाल फडक्यात बांधून पाळण्यावर टांगलं. लाल रंगवलेली अंडी टोपलीत भरली होती, मटणाच्या रश्श्यातल्या लांब शेवया चुलीवर होत्या, आणि गनरोंगच्या पोटात कावळे ओरडत होते.

"दादा, नीट ने हं," सूफन म्हणाली. "रस्त्यात गप्पा मारत उभा राहू नकोस."

"मी? मी तर मुका माणूस."

शांतीपूल झाला. बरकतीचा पूल झाला. भेटेल त्याच्या हातावर त्यानं लाल अंडं ठेवलं. देवळाला वळसा घालून आयुष्यपुलापाशी आला, तर समोर पत्रे ठोकलेले. दुरुस्तीचं काम त्याच सकाळी सुरू झालं होतं. कमानीच्या माथ्यावरचे दगड उचलून, त्यांवर लाल रंगानं आकडे घालून काठावर रचून ठेवले होते. वर नुसती मोकळी हवा.

मोटारींचा पूल होता दोन किलोमीटरांवर. पाऊस वाढला होता. छत्री ठिबकत होती. बाळ झोपलेलं. दोन किलोमीटर जाऊन यायचं म्हणजे शेवयांची लापशी होणार.

तो मिनिटभर उभा राहिला, आणि आल्या वाटेनं परत फिरला. बरकतीचा पूल उलटा, शांतीपूल उलटा. मोजायचंच म्हटलं तर तीनच्या जागी चार झाले की, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि दार ढकललं.

"झाले तिन्ही?" लू मावशीनं विचारलं.

"झाले म्हणजे काय! आयुष्यपुलावर काम काढलंय. पण मुकादम आमाओला बघून इतका विरघळला की म्हणाला, मामा, तुम्ही पाय कशाला खराब करता? मला खांद्यावर घेतलं, माझ्या कडेवर बाळ, बाळावर छत्री, आणि निघाला पठ्ठ्या कमानीवरून. खालून बोटवाले टाळ्या वाजवत होते."

सगळी पंगत हसून लोळली. शेवया अगदी बेताच्या शिजल्या होत्या.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आमाओच्या डोक्यावर जावळ होतं.

वाढलेलं नव्हे. दोन बोटं लांब, काळंभोर, टाळूवर डावीकडं भोवरा असलेलं तेच जावळ. जणू न्हावी आलाच नव्हता.

"भराभर वाढतात हो काहींचे," गनरोंग म्हणाला.

"एका रात्रीत?" लू मावशीनं पाळण्यावरचं लाल फडकं सोडलं. गाठ तिचीच होती, घट्ट. आत काही नव्हतं.

"उंदीर," गनरोंग म्हणाला. "घरट्याला केस नेतात ते. मी स्वतः एका उंदराला फणी विकत घेताना..."

"गप रे दादा," सूफन म्हणाली. पण तिला हसू आलं होतं. एवढं दणकट जावळ आलं म्हणून ती खूश होती. तिचा नवरा पेइगन वाळूच्या बोटीवर कामाला होता. जावळाचं जेवण आटोपून तो पहाटेच उत्तरेला गेला होता, चाळीस दिवसांनी यायचा होता. "तो येईल तोवर वेणी घालता येईल हिची," ती म्हणाली.

गनरोंग दुकानात आला. पळी घेतली. गाठ न सोडता उंदीर केस कसे नेईल, हा विचार त्यानं भट्टीत कोळशाबरोबर टाकला. दिवसभर तो तिथंच धुमसत राहिला.

३

सूफनची खोली दुकानाच्याच वर, कालव्याच्या बाजूला होती. खिडकीखाली घराच्याच पायऱ्या पाण्यात उतरत. दर काही मिनिटांनी बोटींची माळ जायची. आधी इंजिनाची धडधड भिंतीतून यायची, मग पाळण्याची साखळी किणकिणायची, मग पाणी पायऱ्यांवर चापट्या मारायचं. आमाओला आवाजाची सवय झाली होती. महिन्याची असताना ती धडधड ऐकली की मान वळवायची, आणि बोट गेली की एकदा चक्क हसली होती.

आठव्या दिवशी गनरोंग थर्मास घेऊन वर गेला, तेव्हा बोट गेली आणि आमाओनं मान वळवली नाही. तिची नजर कुठंच ठरत नव्हती. नवी, धुरकट नजर.

"झोपेत असेल," तो म्हणाला.

"डोळे उघडे आहेत की."

दवाखान्यात नर्सबाईंनी वजन केलं. वहीत बघितलं, पुन्हा वजन केलं. मग पेनानं आधीच्या आठवड्यांच्या ओळींवरून मागं मागं जात एका आकड्यावर थांबल्या. "गंमत आहे. बरोबर तिसऱ्या आठवड्याचं वजन. गुंजभर इकडंतिकडं नाही." मग सूफनकडं बघून म्हणाल्या, "दूध कमी पडतंय, बाई. डुकराच्या पायांचं सूप प्या."

सूफन सूप प्यायली. सकाळ संध्याकाळ प्यायली. आमाओ दूध ओढायचीही भरपूर. आणि रोज थोडी हलकी व्हायची.

गनरोंगला कळलं होतं, हे इथंच सांगून टाकतो. दहाव्या दिवशी, पळीभर पाणी ओतत असताना, समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "भाची किती दिवसांची झाली?" आणि गनरोंगच्या तोंडून निघालं, "वीस." म्हातारा म्हणाला, "चाळीस म्हण, येड्या." गनरोंग हसला. हसता हसता पाणी कपाबाहेर गेलं, टेबलावरून म्हाताऱ्याच्या मांडीवर गेलं, आणि गल्लीभर बोंबाबोंब झाली.

कळणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. तो शिकलेला नव्हता, पण त्याला डोकं होतं. पुलावरून उलटं चालल्यानं पोर उलटी चालायला लागते, हे त्याच्या स्वतःच्या थापांतही बसलं नसतं. आजार असेल. रक्ताचा काही दोष. शहरातले डॉक्टर नाव सांगतील. आणि समजा नसेल आजार, तर बहिणीला काय सांगायचं? मला भूक लागली होती?

तो गप्प राहिला. आणखी बारा दिवस. 

४

बाविसाव्या दिवशी लू मावशी चहाचा एक जुना डबा घेऊन दुकानात आली. ती बोटीवर जन्मलेली बाई, भोंग्यांनी कान गेलेली, त्यामुळे ओरडूनच बोलायची. त्या दिवशी कुजबुजली.

"हिची नाळ गळून पडली होती नवव्या दिवशी. मी यात ठेवली होती, लाल कागदात. बघ."

कागद होता. घडीही होती.

"मग?"

"मग वर चल."

सूफन आमाओचं पोट उघडं टाकून बसली होती. बेंबीवर नाळेचा काळा, वाळका तुकडा होता. चिकटवलेला नव्हे. तो कातडीतूनच आलेला होता, आणि मुळाशी ओलसर होता.

बोट गेली. साखळी किणकिणली.

"मावशी, तुम्ही खाली जा," सूफन म्हणाली. मावशी गेल्यावर तिनं सदऱ्याची गुंडी काढून रुमाल पिळून दाखवला. दूध पिवळं होतं, घट्ट, मधासारखं. "हे पहिल्या दिवसांत येतं दादा. पहिल्याच दिवसांत. आणि माझे टाके... भरून आले होते. कालपासून ओले आहेत. मी एकटी हिच्याबरोबर मागं जातेय. मला वेड लागलंय का रे? तू सांग. तू खोटं सांगितलंस तरी चालेल."

गनरोंगनं आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं.

ती आधी हसली. "नेहमीचंच तुझं," म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली, आणि हसू तसंच राहून गेलं, काढायला विसरल्यासारखं.

"शेवया फुगतील म्हणून?"

"सू..."

"दोन गेली माझी. तू दोन्ही वेळा बाहेर बाकावर बसला होतास. तुला माहीत होतं ना, ही मला कशी मिळाली? आणि तू शेवया..." तिनं हात उचलला, पण मारलं नाही. त्याच हातानं आमाओच्या बेंबीवर दुपटं ओढलं. "किती दिवस उरलेत?"

"आठ."

"मग रडायला वेळ नाही. हिला परत ने. पहिल्यापासून, नीट. तिन्ही."

"त्यानं होईल?"

"मला काय माहीत! तुझ्याकडं दुसरं काही आहे?"

५

दुसरं काही नव्हतं, आणि तिसरा पूलही नव्हता.

पुलावरचा मुकादम शे नावाचा एक जाडजूड माणूस होता. गनरोंग हात जोडून त्याच्यापुढं उभा राहिला. "फक्त पलीकडं जायचंय, साहेब. बाळाला घेऊन. एकदाच."

"नाव?"

"ताओ गनरोंग."

मुकादमानं शिरस्त्राण काढून डोकं खाजवलं. "अच्छा! म्हणजे तुलाच मी खांद्यावर घेऊन नाचलो होतो म्हणे. गावभर झालं, जिल्ह्यापर्यंत गेलं. साहेबांनी मला उभं करून विचारलं, सरकारी पुलावर तमाशा करतोस काय? पंधरा वर्षं नोकरी केली, असं ऐकून घ्यावं लागलं नव्हतं. आणि आता तू खरंच आलास होय रे? चल, फूट."

"बाळ मरेल हो."

"ही पण छान आहे," मुकादम म्हणाला. "ही पण दुकानात सांग."

बाजूचे मजूर हसले. मोठ्यानं, खुशीत, अगदी त्याच्या दुकानातले म्हातारे हसायचे तसे.

त्यानं शहरातला डॉक्टरही करून बघितला. सूफनला उभं राहता येईना, म्हणून तो आणि लू मावशी बाळाला बसनं घेऊन गेले. तरुण डॉक्टरांनी तपासून विचारलं, "किती दिवसांची?"

"पंचावन्न," लू मावशी ओरडली.

"आजी, ही पाच दिवसांची आहे. आई कुठाय हिची? हे मूल कुणाचं आहे?" त्यांचा हात फोनकडं गेला, तशी मावशीनं दुपट्यासकट पोर छातीशी धरली आणि गनरोंगला पुढं घालून निघाली.

येताना बसमध्ये ती एकदाच बोलली. "मी विचार करतेय, पहिल्या दिवसानंतर ही कुठं जाईल? पोटात? सूच्या पोटात आता काय आहे, ते मी विचारू का तिला?"

गनरोंगनं खिडकीबाहेर बघितलं. कालवा बसबरोबर धावत होता, आणि त्यातल्या बोटी मागं चालल्या होत्या.

६

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी निघायचं ठरलं. मजूर जेवून तासभर आडवे होत, तेव्हा कामावर कुणी नसे. हातगाडी नेण्यासाठी त्यांनी कमानीच्या भगदाडावर एक फळी टाकलेली होती, हे गनरोंग चार दिवस देवळाच्या भिंतीआडून बघत होता. फूटभर रुंद, दहा-बारा हात लांब.

सूफन पलंगावर होती. तिचं पोट पांघरुणाखाली वर आलं होतं. तिला ताप होता, पण शुद्ध पक्की होती. आमाओ लालसर, सुरकुतलेली, मुठी आवळलेली. आवाज इतका बारीक की बोट जाताना ऐकूही येत नव्हता.

"छत्री," सूफन म्हणाली.

"घेतली."

"भूक लागलीय?"

त्यानं मान हलवली. तिला त्याला बोचायचं होतं की चिडवायचं होतं, हे त्याला कळलं नाही. कदाचित दोन्ही. ती तशीच होती लहानपणापासून.

पाऊस भुरभुरत होता. शांतीपूल. वर चढताना बाळ मुठीएवढं हलकं. बाजारात कुणीतरी हाक मारली, "काय मामा, पुन्हा खांद्यावर का?" तो थांबला नाही. बरकतीच्या पुलाच्या माथ्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं, दुपट्यात काहीतरी हललं, मोठं. उतरताना हाताला रग लागली. देवळापाशी त्यानं हात बदलला. स्वतःची समजूत घालण्याचा उद्योग त्यानं कधीच सोडला होता, तरी मन म्हणालं, दमलास, म्हणून जड लागतंय.

पत्र्याची एक कड वाकवून तो आत शिरला. मजूर झोपडीत घोरत होते. कमानीच्या पायऱ्या चढला. पुढं फळी, खाली तपकिरी पाणी. दूरवरून येणाऱ्या बोटींच्या माळेची धडधड दगडातून तळपायांत येत होती.

त्यानं पाय टाकला. फळी वाकली. दुसरा. तिसरा.

"दादा! थांब!"

सूफनचा आवाज. मागून, पायऱ्यांवरून, धापा टाकत.

"टोपी राहिली हिची! अरे, डोकं भिजेल पोरीचं!"

त्याचा पाय हवेत थांबला. सू पलंगावर आहे, त्यानं विचार केला. तिला कूस बदलता येत नाही. आणि आली असती, तरी तिनं हाक मारली नसती. मागं बघायचं नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणजे ही सू नाही.

एवढ्या एका वाक्याच्या जोरावर त्यानं पुढचं पाऊल टाकलं.

मागं फळी दबली. दुसऱ्या कुणाच्या तरी वजनानं. फळी खाली गेली तसा तोही खाली गेला, छत्री डावीकडं कलली. त्यानं बाळ छातीशी दाबलं. मग फळी एकदम हलकी होऊन वर उडाली. खाली पाण्यात काहीतरी पडलं. मोठं.

"दादा, हात दे! दादा!"

पाणी दगडांवर आपटलं. धडधड जवळ आली होती. "दादा, मला हात दे रे, एकदाच बघ..."

गनरोंगला रडू आवरेना. रडत, समोर बघत, तो चालला. ही सू नाही, ही सू नाही. फळी संपली. दगड आला. पायऱ्या उतरताना बोटी कमानीखालून गेल्या, आणि त्यांच्या आवाजात बाकीचं सगळं बुडालं.

शेवटच्या पायरीवर आमाओ रडली. खणखणीत, रागावलेली, महिन्याच्या पोरीची आरोळी. त्यानं दुपट्यात हात घातला. डोकं गुळगुळीत होतं.

गल्लीत वळल्यावर त्याच्या मागं पावलं ऐकू आली. ओली, अनवाणी, सावकाश. त्याच्या पावलाला पाऊल लावून येणारी. त्याला बरं वाटलं. निघाली वर, तो मनात म्हणाला. म्हणजे सूच होती ती, आणि निघाली वर. तरी घर येईपर्यंत त्यानं मान वळवली नाही. दार मागून लावायचं तर वळावं लागलं असतं, म्हणून ते उघडंच ठेवलं.

७

"आलास?" लू मावशी चुलीपाशी होती. पोरीचा आवाज तिच्या कानांतही शिरला, आणि ती मटकन खाली बसली. डोक्यावरून, पोटावरून, पायांवरून हात फिरवत राहिली. "नाळ नाही. गेली. आमाओ गं, माझी माऊ..." मग वर बघून, "आणि सू?"

"सू?"

"तू निघालास आणि ही उठून बसली. अंग एकदम हलकं झालं म्हणाली, वेदना गेल्या म्हणाली. टोपी दिसली खाटेवर, तशी धावली तुझ्या मागं. मी म्हटलं अगं जाऊ नको. भेटली नाही? हाका मारल्या असतील की तिनं."

जिना वाजला. दाराकडून कुणीतरी आत येऊन, चुलीकडं न वळता, सरळ वर चढत होतं. प्रत्येक पायरीवर पाणी ठिबकत होतं.

"ही काय आली," मावशी म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला. "टोपी सापडली का गं?"

"पडली," वरून उत्तर आलं. "बाळाला आणा. भुकेलीय ती."

गनरोंग बाळाला घेऊन वर गेला. सूफन पलंगावर बसली होती, दाराकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड. केस पाठीवर चिकटले होते. पोट सपाट होतं. तिनं मागं हात केले, बाळ घेतलं, आणि आमाओ लगेच घटाघट प्यायला लागली. महिनाभरात त्यानं असा आवाज ऐकला नव्हता. भरल्या घराचा आवाज.

"सू," तो म्हणाला. "अंग पुसून घे. टॉवेल देऊ?"

"नको."

तो जाऊन खिडकीपाशी उभा राहिला, कारण कुठंतरी उभं राहायला हवं होतं. बोटी लांब गेल्या होत्या. पाणी अजून पायऱ्यांवर चापट्या मारत होतं. आणि त्या चापट्यांच्या मधून, अगदी खालून, भिंतीच्या मुळाशी कुणीतरी दगडाला नखं लावल्यासारखा एक आवाज आला.

"दादा. मला हात दे रे. दादा."

त्यानं खाली वाकून बघितलं असतं, तर पायऱ्या दिसल्या असत्या. दोनच हात खाली होत्या त्या.

"दादा," पलंगावरून ती म्हणाली, "खिडकी लाव. हिला वारं लागतंय."

सगळं गाव ज्याच्या थापांवर हसायचं, त्या गनरोंगला एक साधं वाक्य जुळवायला वेळ लागला.

"सू. जरा इकडं बघ ना. माझ्याकडं."

बाळाचं पिणं थांबलं.

"मागं बघू म्हणतोस, दादा?" भिंतीकडं तोंड ठेवूनच तिनं विचारलं. शांतपणे, खरोखरच त्याचं मत हवं असल्यासारखं. "बघू?"

खाली आवाज बारीक होत चालला होता. आता त्यात शब्द नव्हते, नुसती हाक होती, आणि तीही अर्धी.

"नको," गनरोंग म्हणाला.

आमाओ पुन्हा प्यायला लागली.

त्यानं खिडकीची एक फळी ओढली. मग दुसरी. मग कडी घातली, आणि ती नीट बसली की नाही हे बघण्यासाठी हात तसाच तिच्यावर दाबून ठेवला.